कथील, पाणी आणि घंटेचा तडा

नुसत्या तांब्यावर टोला मारून बघा, आवाज येतो आणि लगेच बसतो. त्याच तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील मिसळलं की होतं कासं, आणि मग तोच टोला कितीतरी वेळ घुमत राहतो. पण कथलाने धातू कडक होतो तसा ठिसूळही होतो, त्यामुळे घंटा ओतणाऱ्याला आवाज हवा असेल तर तड्याची भीती सोबत घ्यावीच लागते.

ओतकाम तसं मातीचंच काम आहे. आतला गाभा आणि बाहेरचा साचा, दोन्ही मातीचे, आणि मधे जी पोकळी राहते तीच घंटा. मातीत घोड्याची लीद मिसळायची जुनी पद्धत आहे, कारण साचा भाजताना लीद जळून जाते, बारीक छिद्रं राहतात आणि ओतताना वायू तिथून निघून जातो. साचा खड्ड्यात पुरतात, वरून साधारण ११०० अंशांचा रस सोडतात, आणि मग थांबायचं, मोठी घंटा असेल तर कित्येक दिवस, घाई केली की तडा.

मॉस्कोची त्सार घंटा १७३५ साली ओतली, वजन जवळपास २०० टन. १७३७ च्या आगीत ती अजून खड्ड्यातच होती, तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं आणि साडेअकरा टनांचा तुकडा निखळला. एवढी मोठी घंटा, पण ती कधी वाजलीच नाही, मला ह्याचं फार वाईट वाटतं.

आता गंमत बघा, झांजेचा कारागीर तेच कासं लालबुंद तापवतो आणि मुद्दाम पाण्यात बुडवतो! पोलाद असं केलं तर कडक होतं, पण कथील जास्त असलेलं कासं उलट नरम पडतं, आणि मगच त्यावर हातोडा चालवता येतो, नाहीतर पहिल्या काही घावांतच फुटेल. झांज पातळ असल्यामुळे सगळीकडून एकदम थंड होते, जाडजूड घंटेचं तसं होत नाही.

सूर लावायचा म्हणजे घंटा आतून कातायची. एका घंटेत बरेच सूर एकदम वाजतात, आणि धातू काढला की सूर उतरतो, जास्त काढला तर परत लावता येत नाही, म्हणून हात जपून.

चीनमध्ये मात्र इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच एका घंटेतून दोन सूर काढत होते. तिथल्या झेंग नावाच्या जुन्या राज्याच्या सरदाराच्या थडग्यात १९७८ साली ६५ घंटा मिळाल्या, बदामी आकाराच्या, मधे मारलं तर एक सूर, बाजूला मारलं तर दुसरा, आणि कुठे कुठला सूर ते घंटेवरच कोरलेलं. थडग्यात पाणी भरलेलं होतं, त्यात इतकी शतकं राहूनही त्या वाजल्या.

आणि लंडनची बिग बेन? तिच्या आधीची घंटा चाचणीतच तडकली, तोच धातू वितळवून १८५८ साली ही १३.७ टनांची ओतली, १८५९ मध्ये तीही तडकली. मग तिला थोडं फिरवलं, हातोडा हलका केला. तडा आजही तसाच आहे, आणि आपण ऐकतो तो आवाज त्या तड्यासकटचा आहे.