भजनाचा नाद आणि आपला स्वभाव

नमस्कार मंडळी! गणपती जवळ आले की सिंधुदुर्गात वाडीवाडीत भजनाच्या तालमी रंगतात. अशा तालमीतले दोन पखवाजी डोळ्यांसमोर आणा. धुमाला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या डाव्या बाजूला, कणीक लावताना दोघांचाही जीव त्या गोळ्यात असतो. थोडी लावायची, थाप मारायची, कान द्यायचा, जास्त झाली तर खरवडून काढायची.

आता समजा, डबलबारी, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, तोंडावर आली आणि दोघांचंही मनगट सुजलं. पहिला बुवांना सांगतो, "हात बरो झालो काय येतंय," आणि कोरसात जाऊन बसतो. दुसरा फडकं गुंडाळून वाजवतच राहतो. आपण नाही वाजवलं तर आपल्याला विचारतंय कोण, ही धाकधूक त्याला बसू देत नाही.

आवड दोघांचीही जिवापाडच. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली आवडीचे हे दोन प्रकार मांडले. एक सुसंवादी आवड: ती घर, झोप, कामधंदा यांच्याशी जुळवून घेते. दुसरी झपाटलेली: थांबावंसं वाटलं तरी ती थांबू देत नाही. कॅनडातल्याच क्यूबेक प्रांतात हिवाळ्यात, रस्ते बर्फाने निसरडे झालेले असतानाही सायकल दामटणाऱ्यांमध्ये ही दुसरी आवड जास्त दिसली.

इथे स्वभाव येतो. शिस्तीचे, मिळून-मिसळून वागणारे लोक साधारणपणे पहिल्या प्रकाराकडे झुकतात. सतत चिंता करणारे, चटकन खचणारे दुसऱ्याकडे. मला यातलं कारण फार महत्त्वाचं वाटतं. आतून डळमळीत असलेला माणूस आपली सगळी किंमत एकाच कलेवर टांगून ठेवतो. मग चुकलेला एक ठेका त्याला रात्रभर छळतो, आणि न वाजवता गेलेला दिवस अपराधासारखा वाटतो. पहिल्याला मात्र वाजवतानाही आनंद मिळतो आणि उठल्यावरही मन ताजं राहतं.

पण हा नुसता कल असतो हां, कपाळावरची रेघ नव्हे. शिकण्याच्या वयात मुलाला थोडी मोकळीक मिळाली, तर आवड सुसंवादी होण्याची शक्यता वाढते. म्हणून आईबाबांनो, काकांनो, बुवांनो, एक कळकळीची विनंती. पोर बारीत कमी पडून घरी आलं, तर आधी जेवायला वाढा. चुका लगेच मोजू नका. आणि उद्या कुठला ठेका घोटायचा, ते त्यालाच ठरवू द्या.