लेखनिक पाहिजेत, शिक्षण अर्धवट चालेल

(दृश्य: टेबल. लिहिणारा हात जवळून. शेजारी दुसरा हात, बोटे टेबलावर ताल धरल्यासारखी हलताहेत.)

हा लिहिणारा हात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातल्या मुलाचा. कागदावर उतरतोय तो इतिहास मात्र त्याचा विषयच नाही. उत्तर सांगतोय तो शेजारचा, निळ्या शर्टातला. त्याने एम.ए. केलंय, राज्यसेवेची तयारी चाललीय आणि त्याला दिसत नाही.

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच आहे. भंवरकुआंच्या गल्ल्यांमधून फिरलात तर दर दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी दिसते. धार, झाबुआ, खरगोनची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. दृष्टिहीन मुलंही त्यांच्यात असतात. त्यांचा मोबाइल पुस्तक वाचून दाखवतो, व्याख्यानं ऐकता येतात, अभ्यास होतो. अडतं ते शेवटच्या तीन तासांना, म्हणजे परीक्षेत. सांगितलेलं उतरवून देणारा लेखनिक म्हणून कोण बसणार?

(दृश्य: राजेंद्रनगर. सोसायटीचं सभागृह, भिंतीवर घड्याळ, जोड्या जोड्यांनी बसलेली मुलं.)

परीक्षेच्या खोलीत कॅमेरा चालत नाही. तुम्ही पाहताय तो लेखनिकांचा रविवार सकाळचा सराव आहे. दाराशी चपलांचा ढीग आहे, आत पोह्यांचा वास. पण घड्याळ लावलंय ते खऱ्या पेपरसारखं: तीन तासांच्या पेपरला चार तास. ताशी किमान वीस मिनिटं जादा, हे केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होतं (2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या).

या काकू निवृत्त शिक्षिका. डोळे मिटून उभ्या आहेत, कारण त्यांना मुलाचं वाचन फक्त ऐकायचंय.

(प्रत्यक्ष आवाज: “थांब. तिसरा पर्याय जरा जोरात वाचलास. का रे?” “काकू, तोच बरोबर आहे ना!” “म्हणून तर विचारतेय.”)

आवाजानं उत्तर फोडायचं नाही, हा इथला पहिला धडा. चारही पर्याय एकाच सुरात. प्रश्न पूर्ण वाचायचा, गुणांसकट. पाच गुणांना किती बोलायचं आणि पंधराला किती, हे समोरच्याला त्यावरूनच ठरवायचं असतं. ‘खालीलपैकी कोणतेही चार’ ही ओळ गाळली तर माणूस सहा उत्तरं सांगत बसेल.

लिहिताना दुरुस्ती करायची नाही. मुलांना हे सर्वात जड जातं. समोरचा चुकीचं साल सांगतोय आणि तुम्हाला बरोबर साल ठाऊक आहे. हात थांबतो. हा पाहा, थांबला. आणि आता चुकीचंच साल लिहितोय. काकूंनी मान हलवली.

गणिताचा पेपर म्हणजे वेगळीच कसरत. “एक्स अधिक दोन भागिले तीन” असं कुणी सांगितलं तर तीननं भागायचं कशाला? नुसत्या दोनला की सगळ्याला? म्हणून ही जोडी आधीच ठरवून घेतेय: कंस उघडला की टेबलावर एक टिचकी, मिटला की दोन. (दृश्य: टिचक्या. आवाज तसाच ठेवावा.) परीक्षेत पर्यवेक्षक टिचक्या चालू देतीलच असं नाही, तिथे ‘कोष्ठक शुरू, कोष्ठक बंद’ असं तोंडानं सांगायचं.

इंदुरातल्या मराठी मुलांची आणखी एक गंमत. घरी मराठी, शाळेत हिंदी, लिपी तीच. मग हातून सहज ‘उसने कहा की’ असं दीर्घ जातं. हिंदीत तिथे ऱ्हस्व ‘कि’. भाषेच्या पेपरात त्या वेलांटीचा गुण लिहिणाऱ्याचा कापला जात नाही, सांगणाऱ्याचा जातो. त्यामुळे इथे प्रत्येकजण विचारायला शिकतो: “भैया, मात्रा बताइए.”

सांगणारा एक, उतरवणारा दुसरा. तुकोबा आणि संताजी जगनाडे यांच्यापासून आपल्याला ही जोडी ओळखीची. फक्त इथे मागे घड्याळ चालू असतं.

(दृश्य: ब्रेल पाटी. जाड कागदावर टोचणी.)

ही मुलगी बी.ए.ला आहे, आपले मुद्दे ब्रेलमध्ये टिपून घेतेय. नीट बघा, ती उजवीकडून डावीकडे टोचतेय. ठिपके कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतात, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतात. सहा ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट रचना. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती 1951 मध्ये. ब्रेल, संगणक, मोठा टाइप, ध्वनिमुद्रण असे पर्याय उमेदवाराला शक्यतो द्यावेत, असंही त्या 2018 च्या सूचना म्हणत होत्या. या खोलीतल्या सगळ्यांनी मात्र लेखनिक निवडलाय.

आणि आता शीर्षकाकडे येऊ. उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण उमेदवाराहून कमी हवं, असा नियम; 2018 च्या सूचनांत ते एक पायरी कमी मागितलं होतं. कॉपीचा संशय नको म्हणून. म्हणजे पदवीधर उमेदवाराशेजारी पदवीधर बसू शकत नाही. काकू डबल एम.ए. आहेत, त्यांची मनापासून इच्छा आहे, हाताशी वेळही आहे. त्यांना बसता येत नाही. शेजारच्या इंजिनिअर दादालाही नाही. ज्यांना बसता येतं ती मुलं अकरावी-बारावीत, नाहीतर कॉलेजात आहेत. बाकी सेवा म्हातारपणी करता येतील. ही खिडकी चार-पाच वर्षांची.

(दृश्य: सकाळची कचरागाडी, रस्ता झाडणारे, मग कॉलेजचा फलक.)

इंदुरात सेवा म्हटलं की झाडू आठवतो, ते साहजिकच आहे. 2017 पासून 2023 पर्यंत स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला नंबर. पण शहर खरं झाडतात ते सफाई कर्मचारी. आपण रविवारी टोप्या घालून फोटो काढतो. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकानं दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. त्यातले चार तास या खुर्चीवर बसून जावेत, एवढंच आमचं मागणं. इथे फोटो मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निकालांचं विचाराल, तर कुणी पास झालं, कुणी पुन्हा फॉर्म भरतंय, एक जण बँकेत लागला.

(दृश्य: पुन्हा सभागृह. दोघं समोरासमोर, हसताहेत.)

हे दोघं आज पहिल्यांदा भेटताहेत. आयोजकांच्या यादीतला लेखनिक असेल तर उमेदवाराला परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं, असंही त्या 2018 च्या सूचनांमध्ये होतं. या उमेदवारानं लेखनिकाला वाचायला लावलं, भरभर लिहायला लावलं, अक्षर सुवाच्य आहे का ते तिसऱ्याला विचारलं. नापसंत केलं तरी रागवायचं नाही. पेपर त्याचा आहे.

यायचं असेल तर नाव नोंदवताना तीन गोष्टी नीट सांगा: शेवटची पास झालेली परीक्षा, कोणत्या लिपीत वेगानं लिहिता येतं, आणि तुमच्या स्वतःच्या परीक्षा कधी आहेत. ऐनवेळी ‘माझाच पेपर आहे’ म्हणणारा लेखनिक न येणाऱ्यापेक्षा वाईट. नियम परीक्षेपरत्वे आणि वर्षापरत्वे बदलतात, त्यामुळे त्या परीक्षेची ताजी सूचना उमेदवाराबरोबर बसून वाचा. गुणपत्रिका आणि ओळखपत्राच्या प्रती लागतील. पेन आम्ही देतो. पोहे साडेदहाला, जादा वेळ संपल्यावर.