पॉवर केबल बदलली की अ‍ॅम्प्लिफायर सुधारतो का?

ही बघा. अंगठ्याएवढी जाड, वर विणलेली जाळी, पिनांना सोन्याचा मुलामा. आणि ही अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातून आलेली साधी काळी केबल. जाड केबल लावली की बास घट्ट होतो, गाणाऱ्याचा आवाज पुढे येतो, असं सांगणारे बरेच भेटतात. खोटं बोलत नाहीत ते, त्यांना तसं ऐकू येतं. पण केबलमुळे?

(झाकण काढलेला अ‍ॅम्प्लिफायर कॅमेऱ्याकडे वळवत)

हे घरी करू नका, बंद केल्यावरही आत चार्ज राहतो. डब्यांसारखे दिसतात ना, ते फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेचा साठा करणारे. स्पीकरला करंट मिळतो तो यांच्यातून. भिंतीतली ५० हर्ट्झची एसी वीज ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधून (तो तिला एकाच दिशेने वाहायला लावतो) येऊन सेकंदाला १०० वेळा, क्षणभरच, यांना भरते. मधल्या वेळात साठ्यावर काम चालतं. गच्चीवरची टाकी भरलेली असली, की ती कुठल्या पाइपने भरली हे खालच्या नळाला कळत नाही.

"पण जाड तांबं म्हणजे रेझिस्टन्स कमी!" कबूल. हिशोबच करू. दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर केबल, जाऊन-येऊन चार मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.०५ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर करंट झटक्यांनी ओढतो, म्हणून अगदी २० अँपिअरचा झटका धरा. केबलमध्ये व्होल्टेज पडलं किती? एक व्होल्ट, २३० मधला. एवढा चढउतार तर भिंतीतल्या विजेत दिवसभर चालूच असतो. शिवाय भिंतीतली सगळी तार साधीच, शेवटच्या दोन मीटरनी काय उजेड पाडायचा?

जाड केबल नॉइज, म्हणजे विजेसोबत येणारी खरखर, अडवते असं म्हणाल, तर महागड्या अ‍ॅम्प्लिफायरला ती पॉवर सप्लायमध्येच गाळता येत नसेल, तर तक्रार त्याच्याबद्दल करा.

मग फरक ऐकू का येतो? केबल बदलायला मिनिटभर जातं आणि आवाजाचे बारकावे कानात काही सेकंदच टिकतात, म्हणजे तुलना होते ती पुसट आठवणीशी. दुसरं, प्लग काढून घातला की पिनांवरचा गंज घासला जातो. जुनीच केबल काढून परत लावून बघा एकदा.

खरी परीक्षा अशी: केबल दुसऱ्याने बदलायची, तुम्हाला न दाखवता, नाणं उडवून. कुठली लावली ते तुम्ही ऐकून ओळखायचं. असं १६ वेळा. १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर मानू. नुसत्या अंदाजाने तेवढी यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. मी ही परीक्षा दिली. माझी आली ७.

आता, स्पीकरमधून सतत 'घूं' येत असेल, तर ती बहुतेक वेळा अर्थिंगची भानगड असते. प्रीअ‍ॅम्प (आवाज कमी-जास्त करणारा डबा) आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा) वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. अर्थची पिन मात्र काढू नका, कुणी कितीही सांगो. प्लग सैल असेल, गरम होत असेल, तर केबल खुशाल बदला. साधीच, पण घट्ट बसणारी. ही जाडजूड तर स्वतःच्याच वजनाने सॉकेटमधून निसटते. माझी दोनदा निसटली, तीही गाणं चालू असताना.