वाक्यात उपयोग करा

नमस्कार. आजचा विषय आहे 'आक्वा इन बोक्का' या तीन इटालियन शब्दांचं इंग्रजी. शब्दशः अर्थ 'तोंडात पाणी'. मराठी माणसाला हे ऐकून आधी श्रीखंड आठवतं, आणि पहिली चूक तिथेच होते. खाण्याशी याचा काही संबंध नाही. तोंडात पाणी धरलेल्याला बोलता येत नाही, म्हणून 'कुणाला सांगू नकोस'. तिकडे वळण्याआधी याच्याच एका भावंडाबद्दल बोलतो, कारण तिथे बिघडतं तेच इथेही बिघडतं.

ते भावंड म्हणजे 'इन बोक्का अल लूपो', लांडग्याच्या तोंडात. परीक्षेला, मुलाखतीला किंवा रंगमंचावर निघालेल्या माणसाला इटलीत असं म्हणतात. इटालियन शिकणाऱ्यांच्या वह्यांत यासमोर ठरलेली इंग्रजी जोडी असते: 'ब्रेक अ लेग', शब्दशः 'पाय मोड'. या जोडीनं जितकी भाषांतरं बिघडवली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं बिघडवली असतील. 'ब्रेक अ लेग' हा मुळात नाटकवाल्यांचा शब्द. आता प्रसंग घ्या: वडील गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला निघालेत आणि मुलगी म्हणते, 'इन बोक्का अल लूपो, पापा!' इथे ती जोडी लावून बघा. (हशा) हसलात ना? इटालियन वाचक त्या जागी हसत नाही, त्याच्या पोटात कालवतं.

दुसरी अडचण उत्तराची. या शुभेच्छेला ठरलेलं उत्तर आहे, 'क्रेपी!', म्हणजे मरो तो लांडगा. धन्यवाद म्हणणं परंपरेनं अशुभ. थेट शुभेच्छा दिली तर दृष्ट लागेल, म्हणून वाईट बोलून चांगलं चिंतायचं. हे आपल्याला समजावून सांगावं लागू नये. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारे, बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारे आपण. आपण वाईटावर चांगला शब्द पांघरतो, ते चांगल्यावर वाईट पांघरतात, इतकाच फरक. फ्लोरेन्सची आकादेमिया देल्ला क्रुस्का ही 1583 सालची भाषासंस्था या प्रयोगाचा माग शिकाऱ्यांच्या बोलीपर्यंत नेते. लांडगी पिल्लांना तोंडात धरून सुरक्षित नेते, म्हणून ही शुभेच्छा, अशी एक गोड व्युत्पत्ती फिरत असते. पण मग त्याच लांडगीला 'मरो' कोण म्हणेल? इटलीत 1971 पासून लांडग्याला कायद्याचं संरक्षण मिळू लागलं, आणि आता 'क्रेपी'ऐवजी 'वीवा इल लूपो', लांडगा जगो, म्हणणारेही भेटतात. म्हणजे उत्तरावरून पात्राचं वय आणि मतं कळू शकतात. इंग्रजीत तुम्ही नुसतं 'थँक्स' लिहिलंत की हे सगळं गेलं. त्या मुलीच्या तोंडी साधं 'गुड लक, डॅड' द्या आणि वडिलांच्या तोंडी 'फिंगर्स क्रॉस्ड'. अंधश्रद्धेचा अंश एका वाक्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला. वाक्प्रचार जिथे होता तिथेच उतरला पाहिजे, असा नियम नाही.

शाळेतला प्रश्न आठवा: 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' आपण अर्थ पाठ केले आणि उपयोग कसाबसा उरकला. भाषांतराचं सगळं काम त्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात आहे.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता 'आक्वा इन बोक्का' भराभर.

आधी मराठीचा मोह आवरा. आपल्याकडे 'मिठाची गुळणी धरणे' आहे, चित्रही जवळपास तेच. पण गुळणी धरून बसतो तो बोलायला हवं तिथे गप्प राहणारा. त्यात ठपका आहे. इटालियनमध्ये ठपका नाही. ती दोघांमधली मैत्रीची अट आहे, गुपित सांगतानाच घातलेली. मराठीतून वाट काढत इंग्रजीत गेलात तर हा ठपकाही नकळत सोबत जातो.

मग इटालियनमध्येच त्या जागी साधं वाक्य ठेवा: 'नॉन दीर्लो आ नेस्सूनो', कुणाला सांगू नकोस. काय हरवलं ते लिहून काढा. तीन गोष्टी: क्रियापद नसल्यानं आलेला तुटकपणा, आज्ञा असूनही नसलेला कडकपणा, आणि आपण दोघं एका बाजूला ही भावना. इंग्रजीत या तीन शोधायच्या. पाणी शोधायचं नाही, कारण रोजच्या बोलण्यात इटालियन माणसालाही ते पाणी दिसत नाही.

आता उमेदवार. 'मम्स द वर्ड': यातली 'मम' म्हणजे आई नव्हे, मिटल्या ओठांतून निघणारा 'म्म'. शब्द नेमका, पण जुनाट आणि थोडा लाडिक. आजच्या विशीतल्या पात्राला शोभत नाही. 'कीप इट अंडर युअर हॅट' आणखी जुनं. 'माय लिप्स आर सील्ड' तर दिशेनंच चुकतं: ते गुपित ऐकणाऱ्याचं वचन आहे, सांगणाऱ्याची सूचना नाही. शब्दकोशात हे तिन्ही शेजारी बसलेले दिसतात, म्हणून फसगत होते. बहुतेक ठिकाणी 'नॉट अ वर्ड' चालतं: क्रियापद नाही, छोटं आहे. इटालियनमध्ये त्याला जोडून 'मी राक्कोमांदो' आलं, म्हणजे आग्रहाचं 'हं, लक्षात ठेव', तर 'नॉट अ वर्ड, ओके?' करा.

उपशीर्षकं करणाऱ्यांसाठी मोजमाप: एका ओळीत साधारण 42 अक्षरं. 'नॉट अ वर्ड, ओके?' रोमन लिपीत मोकळ्या जागा आणि चिन्हं धरून 17 होतात. 'कीप धिस स्ट्रिक्टली बिटवीन अवरसेल्व्ज, प्लीज.' 45 होतात, ओळ फुटते, आणि बोलणारा वकील वाटतो.

अपवाद एकच सांगतो. लेखकानं चित्र जागं केलं असेल, म्हणजे तो म्हणतो 'आक्वा इन बोक्का' आणि ती खरोखर पेल्यातून घोट घेऊन गाल फुगवते, तर पाणी टाकता येत नाही. तिथे 'नॉट अ वर्ड' ठेवून पुढच्या वाक्यात चार-पाच शब्द वाढवा: तिनं तोंडात पाणी धरलं, जणू खात्री करून घ्यायला. इंग्रजी वाचकाला म्हण माहीत नसली तरी कृती कळते. हे वाढवलेले शब्द संपादक कापू बघतो. तेव्हा मूळ वाक्य त्याच्यासमोर ठेवा आणि ते कापू देऊ नका.