तास संपला, आता वही उघडा

नमस्कार, श्रोतेहो. आजचं बोलणं चिंतनाच्या वहीबद्दल, मुख्यतः बी.एड. करणाऱ्या आपल्या छात्राध्यापकांसाठी आणि त्यांच्या वह्या तपासणाऱ्या प्राध्यापकांसाठी.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे शाळेतल्या कामासाठी राखले गेले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. या काळात चिंतनाची वही, म्हणजे आपल्याच शिकवण्यावर विचार करून केलेल्या नोंदींची वही, लिहायची असते. पण ती बहुतेकदा आंतरवासिता, म्हणजे हे शाळेतलं काम, संपताना एका बैठकीत भरली जाते. ‘आजचा पाठ चांगला झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ पानोपानी तारीख बदलते, वाक्य बदलत नाही. अशा वहीतून कुणीच काही शिकत नाही.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: काम चालू असताना केलेला विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार. नवख्या शिक्षकाला पहिला जमत नाही, कारण सगळं लक्ष पाठाचं टाचण, फळा आणि घड्याळ यांतच जातं. दुसरा मात्र पहिल्या दिवसापासून करता येतो, आणि त्याचीच सवय पुढे वर्गात उपयोगी पडते.

मग लिहायचं काय? अख्खा तास नको, एकच प्रसंग घ्या. पाचवीचा वर्ग आहे, विषय अपूर्णांक. ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ मुलगा म्हणतो, ‘एक चतुर्थांश.’ बाई म्हणतात, ‘चूक’, आणि शेजारच्या मुलीला विचारतात. ती बरोबर सांगते, पाठ पुढे सरकतो. वहीच्या डाव्या पानावर एवढंच लिहा, जे बोललं गेलं त्याच शब्दांत. तुमचं मत तिथे नको.

उजव्या पानावर कारण शोधा. चार हा तीनपेक्षा मोठा, हा पूर्ण संख्यांचा नियम त्याने अपूर्णांकाला लावला असेल. पण आपल्या गोव्यात आणखी एक शक्यता असते. पेडण्यातलं किंवा सत्तरीतलं मूल चौथीपर्यंत मराठी शाळेत ‘अंश’ आणि ‘छेद’ शिकलेलं असतं. पाचवीत माध्यम इंग्रजी होतं, आणि घरी बोलणं कोंकणीत. चूक गणिताची की भाषेची, हे ‘चूक’ म्हणून पुढे गेल्यावर कळणार कसं?

म्हणून खाली तिसरी गोष्ट लिहा: उद्या काय करणार. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या, एकीचे तीन समान भाग, दुसरीचे चार. एकेक भाग शेजारी ठेवायचा आणि तोच प्रश्न आधी इंग्रजीत, मग मराठीत किंवा कोंकणीत विचारायचा. आपल्या भाषेत उत्तर बरोबर आलं, तर अडचण शब्दांची. तिथेही चुकलं, तर संकल्पनेची. त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडा. काय झालं ते दुसऱ्या दिवशी तिथे लिहायचं. ह्या चार ओळीच बहुतेक वह्यांतून गायब असतात, आणि माझ्या मते खरं शिकणं तिथेच असतं.

लिहायचं त्याच संध्याकाळी, वीस मिनिटं पुरतात. दोन दिवस गेले की मुलाचे नेमके शब्द विसरतात आणि नुसता अभिप्राय उरतो. आठवड्याला अशा दोन नोंदी भरपूर झाल्या. मुलाचं नाव मात्र लिहू नका. ‘तिसऱ्या बाकावरचा मुलगा’ एवढंही पुरे, कारण ही वही सोबत्यांनी वाचायची आहे. चौघांच्या गटात वह्या बदला आणि वाचणाऱ्याने एकच प्रश्न लिहायचा. सोबत्याला वर्ग दिसलेला नसतो, म्हणून त्याला समजेल असं लिहिताना आपल्या विचारातली पोकळी आपल्यालाच दिसते.

प्राध्यापकांना एक कळकळीची विनंती. प्रत्येक नोंदीला गुण देऊ नका. गुण आले की फसलेला प्रसंग लपतो आणि पुन्हा ‘पाठ चांगला झाला’ सुरू होतं. कॉलेजचं माध्यम इंग्रजी असलं तरी ही वही मराठीत किंवा कोंकणीत लिहू द्या. परक्या भाषेत अडखळणारा विद्यार्थी पाठ केलेली वाक्यं वापरतो. आणि मूल्यमापन करायचंच, तर शेवटी विद्यार्थ्याला त्याच्याच नोंदींतल्या तीन निवडायला सांगा, आणि त्यांच्यामुळे पुढच्या पाठात काय बदललं ते लिहायला लावा. गुण त्या लिखाणाला द्या.