आकडा उतरला, रुग्ण सावरला नाही
सायटोसॉर्ब नावाचं, रक्त गाळणारं हे नळकांडं हातात मावतं. आत प्लास्टिकचे बारीक मणी आहेत आणि प्रत्येक मण्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं. बनवणारी अमेरिकी कंपनी सांगते, या सगळ्या छिद्रांचा पृष्ठभाग पसरला तर ४५,००० चौरस मीटर भरेल. म्हणजे अकरा एकर रान!

रुग्णाचं रक्त या मण्यांमधून फिरून परत शरीरात जातं. पेशी मोठ्या, त्या बाहेरूनच पुढे सरकतात. लहान प्रथिनं छिद्रांत शिरतात आणि तिथेच चिकटून बसतात. त्यातलंच एक इंटरल्युकिन-६, शरीरात दाह भडकवणारं प्रथिन. कोविडच्या काळात आपल्याकडे नातेवाईकांच्याही तोंडी झालेलं ते ‘आयएल-सिक्स’.

विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा भडकाच फुफ्फुसं जाळतोय, मग ती आग रक्तातूनच गाळून काढू, असा तर्क होता. ऐकताक्षणी पटावा असा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने आणि मे महिन्यात भारताने या उपकरणाला आपत्कालीन परवानगी दिली. वापरल्यावर आयएल-सिक्स उतरलं, असे अनुभव डॉक्टर सांगू लागले. पण ते न वापरताही उतरलं असतं का?

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठ रुग्णालयाने हे तपासलं. एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर गेलेले कोविडचे ३४ रुग्ण. सोडत काढून १७ जणांना ७२ तास हे मणी लावले, १७ जणांना नाही. मणी लावलेल्यांचं आयएल-सिक्स ३५७ वरून ९९ वर आलं. न लावलेल्यांचं? २८९ वरून ११२. दोन्हीकडे उतार जवळपास सारखाच.

तीस दिवसांनी मणी न लावलेल्यांपैकी १३ जण जिवंत होते. लावलेल्यांपैकी ३.

चाचणी लहान होती, यातला काही फरक योगायोगाचाही असू शकतो. पण मण्यांना बरं-वाईट कळत नाही, हेही खरं. शरीराला हवी असलेली प्रथिनं आणि काही औषधंसुद्धा त्यांत अडकतात.

दरम्यान, जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले होते. रोज फक्त ६ मिलिग्रॅम.

फ्रायबुर्गचा निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला: कोविडच्या रुग्णाला एक्मो लावल्यावर पहिल्या दिवसांत हे मणी वापरू नयेत.