झिनियाला पाणी बेतानंच

श्रोतेहो, नमस्कार.

आम्हा लातूरकरांना २०१६ साल विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. तेव्हा आमच्या गच्चीवर कुंड्या होत्या, पण त्यांत नुसती माती. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा संडासाला राखून ठेवायचो. फुलझाडाचा नंबर कुठून लागणार?

त्याच वर्षी जानेवारीत, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनियाचं एक नारिंगी फूल उमललं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तेही सुखासुखी उमललं नव्हतं बरं का. आधी ओल जास्त झाली, पानं मुडपली, बुरशी धरली. म्हणून पंखा जोरात लावला, तर रोपं वाळायला लागली. शेवटी स्कॉट केली या अंतराळवीरानं जमिनीवरच्या मंडळींना सांगितलं, वेळापत्रक राहू द्या, रोपाकडं बघून पाणी कधी घालायचं ते मी ठरवतो. तेव्हा कुठं फूल आलं.

हे वाचून मला हसूच आलं. कारण माझी पहिली झिनिया मी अश्शीच घालवली होती. पाऊसपाणी बरं झालं होतं, हौसेनं शेतातली काळी माती घमेल्यानं आणून कुंड्या गच्च भरल्या आणि रोज संध्याकाळी पाईपनं रोपांना अंघोळ. पुढं पानांवर पांढरा थर दिसायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, भाकरीचं पीठ सांडलं का काय झाडावर?" सासूबाईंनी पान बोटानं चोळलं आणि म्हणाल्या, "भुरी हाय ही. काकडीवर येती तशी. किती न्हाऊ घालतीस त्याला?"

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला ते मानवतं, कुंडीतल्या झिनियाला नाही. आता मी दोन घमेली मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम मिसळते. अंगणात लावायची असेल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा करा. बी वरवरच टाकायचं, बोटाच्या अर्ध्या पेराइतकंही खोल नको, आणि शक्यतो जिथं वाढवायची तिथंच; उपटून दुसरीकडं लावली की रुसते. ऊबेत आठवड्याच्या आत उगवते. दोन रोपांत वीतभर तरी मोकळी जागा सोडा, वारं खेळलं पाहिजे. पाणी सकाळी, तांब्यानं, बुडाशी. तेही बोट खुपसून वरची पेरभर माती कोरडी लागली तरच. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं मी घालत नाही.

आषाढात बी टाकलं की साधारण दोन महिन्यांत, म्हणजे भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या सुमारास, फुलं हाताशी येतात. झेंडू दसऱ्याचा मानकरी, त्याच्याशी झिनियाची बरोबरी नाही, पण महालक्ष्म्यांपुढं गुलाबी, शेंदरी, पिवळी अशी मांडून बघा.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. पहिल्यांदा माझा हात धजत नव्हता. पण खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात आणि एका फुलाच्या जागी चार येतात. फूल तोडताना फुलाखाली वीतभरावर दांडा धरून हलवायचा. मान डुलली तर ते अजून कच्चं. ताठ राहिला तर खुशाल कापा, फुलदाणीत आठवडाभर टिकतं.

एक फूल मात्र झाडावरच राहू द्या आणि जवळून बघा. मधोमध इवल्या पिवळ्या चांदण्यांचं कडं दिसेल. ती एकेक चांदणी म्हणजे एक अख्खं फूल! सूर्यफूल, करडई, शेवंती, झेंडू, सगळी याच कुळातली. मूळ गाव मेक्सिको. नाव पडलं योहान झिन या जर्मन वैद्यावरून. डोळ्याच्या रचनेवर त्यांचा मोठा अभ्यास होता. १७५९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले बिचारे. डोळ्यातलं भिंग ज्या तंतूंनी जागच्या जागी राहतं, त्या तंतूंनाही त्यांचंच नाव आहे.

त्या राखलेल्या फुलाचं बोंड खडखडीत वाळलं की तळहातावर चुरगळायचं. सासूबाईंनी एक वाळकी पाकळी ओढली, तिच्या बुडाला बी चिकटलेलं. "बघ, पाकळीच पेरली तरी चालंल," म्हणाल्या. आणि खरंच, मी पाकळीसकट टाकलं, उगवलं! बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतं. विकतच्या संकरित, भरगच्च फुलाचं बी धरलं असेल, तर पुढच्या वर्षी एकेरी, भलत्याच रंगाची फुलं येऊ शकतात. माझ्या पुडीवर मी मोठ्या ऐटीत "लाल" लिहून ठेवलं होतं. यंदा गच्चीवर तीन गुलाबी आहेत, एक पांढरं आहे, आणि लालची वाट बघते आहे.

नमस्कार.